जैवप्रत्याभरण आणि ताण-व्यवस्थापन

जैवप्रत्याभरण किंवा बायोफीडबॅक ही शरीरातील एरवी न जाणवणाऱ्या क्रियांवर काही अंशी ताबा मिळवण्यास शिकवणारी प्रशिक्षणपद्धती आहे. हृदयाची गती, त्वचेचे तापमान, तळहातावरील घाम, स्नायूंचा ताठरपणा किंवा मेंदूतील विद्युत्-लहरी उपकरणाने मोजल्या जातात. ही माहिती आवाज, आलेख किंवा प्रकाशाच्या रूपाने त्याच क्षणी त्या व्यक्तीला दाखवली जाते. कोणत्या श्वासाने, विचाराने वा शरीरस्थितीने आकडा बदलतो, हे ती व्यक्ती अनुभवाने शिकते आणि पुढे उपकरणाशिवायही तो बदल घडवू लागते. उपकरण स्वतः उपचार करत नाही. त्याचे काम आरशाचे असते.

दीर्घकालीन ताण, ताणजन्य डोकेदुखी, अर्धशिशी, चिंता आणि उच्च रक्तदाब यांसाठी या पद्धतीचा पूरक उपाय म्हणून वापर होतो. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ साली शवासन आणि उच्च रक्तदाब यांविषयीचा अभ्यास सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. १९८० साली त्यांनी उच्च रक्तदाब व ताण यांतील बायोफीडबॅक प्रशिक्षणाच्या स्थानावर लेख लिहिला. त्यामुळे या विषयाच्या इतिहासात मध्य मुंबईला स्वतःचे स्थान आहे.

संज्ञा

‘फीडबॅक’ ही मूळ अभियांत्रिकीतील संज्ञा आहे. यंत्राच्या कामाचा परिणाम मोजून तो पुन्हा यंत्रालाच कळवणे आणि त्यानुसार यंत्राने आपले काम सुधारणे, असा तिचा अर्थ आहे. पाण्याची टाकी भरताच तरंगत्या गोळ्यामुळे नळ बंद होतो, हे त्याचे घरगुती उदाहरण होय. मराठीत शिक्षणशास्त्रात यासाठी ‘प्रत्याभरण’ हा शब्द रूढ आहे. त्यावरून ‘जैवप्रत्याभरण’ ही संज्ञा तयार होते. व्यवहारात आणि रुग्णालयांत मात्र ‘बायोफीडबॅक’ हाच शब्द वापरला जातो. मेंदूतील लहरींवर आधारलेल्या प्रकाराला ‘न्यूरोफीडबॅक’ म्हणतात.

दीर्घकालीन ताण आणि शरीर

संकट समोर उभे राहिले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचे वर्णन केले. स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी भाग उद्दीपित होतो, अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, हृदय वेगाने धडधडते, हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि तळहातांना घाम सुटतो. त्यापाठोपाठ हायपोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. संकट टळले की परानुकंपी भाग शरीराला पूर्वस्थितीत आणतो.

ही व्यवस्था अल्पकाळासाठी उपकारक आहे. अडचण निर्माण होते ती संकट न संपल्यास. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखवले, की निरनिराळ्या प्रकारचे हानिकारक आघात दीर्घकाळ होत राहिल्यास शरीरात ठरावीक स्वरूपाचे बदल होतात. पुढे १९९०च्या दशकात ब्रूस मॅकइवेन यांनी सततच्या जुळवाजुळवीमुळे शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. झोप न लागणे, मान व खांदे आखडणे, पचन बिघडणे, चिडचिड आणि रक्तदाब वाढणे ही अशा ताणाची नेहमीची लक्षणे आहेत.

दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या माणसाला आपण ताणात आहोत हेच पुष्कळदा जाणवत नाही. आवळलेला जबडा, वर ओढलेले खांदे आणि छातीतल्या छातीत घेतलेला उथळ श्वास हीच त्याची नित्याची स्थिती होऊन बसते. बायोफीडबॅकचा पहिला उपयोग येथे होतो. शांत झाल्याचे सांगणाऱ्या व्यक्तीचे स्नायू अद्याप ताठ आहेत, हे पडद्यावर दिसते.

कार्यतत्त्व

चेंडू फेकायला शिकताना तो कोठे पडला हे दिसते आणि पुढचा फेक सुधारता येतो. डोळे बांधून नेम शिकणे जवळजवळ अशक्य आहे. शरीराच्या आतील क्रियांबाबत माणूस बहुतांशी असा डोळे बांधलेला असतो. बोटांचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी ते त्याला कळत नाही. उपकरण हा बदल मोठा करून दाखवते आणि त्यामुळे शिकणे शक्य होते.

या शिकण्याचे तीन टप्पे मानले जातात. पहिल्यात व्यक्ती आपल्या शरीराची प्रतिक्रिया ओळखते. दुसऱ्यात उपकरणाच्या साहाय्याने ती बदलते. तिसऱ्यात उपकरण बाजूला ठेवून, प्रत्यक्ष ताणाच्या प्रसंगी तोच बदल घडवते. तिसरा टप्पा गाठला नाही, तर प्रशिक्षण अपुरे राहिले असे समजतात. आकडा मुद्दाम खेचून बदलण्याच्या प्रयत्नाने बहुधा उलटाच परिणाम होतो. हात गरम करण्यासाठी धडपडणाऱ्याचे हात थंड पडतात. त्यामुळे प्रशिक्षक ‘प्रयत्न सोडून पाहत राहण्या’वर भर देतात.

प्रमुख प्रकार

त्वचेची विद्युत्-वाहकता : तळहात व बोटे यांवरील घर्मग्रंथींना अनुकंपी चेतातंतू जोडलेले असतात. मन क्षुब्ध झाले की घामाचे प्रमाण सूक्ष्मपणे वाढते आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. दोन बोटांना लावलेल्या पट्ट्यांमधून अतिशय क्षीण विद्युत्-प्रवाह सोडून हे मोजतात. साध्या उपकरणात क्षोभ वाढला की आवाजाची पट्टी चढते आणि मन निवले की उतरते. कमी खर्चाचे असल्याने हे उपकरण सर्वांत जुन्या व प्रचलित साधनांपैकी एक आहे.

त्वचेचे तापमान : बोटांमधील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की बोटे थंड होतात आणि सैलावल्या की उबदार होतात. बोटाला लावलेल्या संवेदकाने हा बदल नोंदवला जातो. बोटांचे तापमान सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते काही मिनिटे टिकवणे हे पुष्कळ ठिकाणी उद्दिष्ट असते.

स्नायूंची विद्युत्-क्रिया : कपाळ, जबडा, मान किंवा खांद्यांवर पट्ट्या लावून स्नायूंचा ताठरपणा मोजतात. ताणजन्य डोकेदुखीत याचा विशेष वापर होतो.

हृदयगतीतील चढउतार : निरोगी हृदयाचे ठोके घड्याळासारखे समान अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते. रक्तदाब सावरणारी संवेदी यंत्रणा सुमारे दहा सेकंदांच्या आवर्तनाने काम करते. त्यामुळे मिनिटाला सुमारे सहा श्वास घेतल्यास श्वासाची लय आणि ही यंत्रणा एकमेकींना साथ देतात व हृदयगतीतील चढउतार सर्वाधिक होतो. प्रत्येक व्यक्तीची अनुकूल गती थोडी वेगळी, साधारणपणे मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या दरम्यान असते. रशियन संशोधक व्हासचिलो आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल लेहरर यांच्या कामातून ही पद्धत विकसित झाली. ताण-व्यवस्थापनात आज तिचा मोठा वापर होतो.

मेंदूतील लहरी : डोक्याच्या त्वचेवर पट्ट्या लावून अल्फा, बीटा, थीटा इत्यादी लहरी नोंदवतात. ही पद्धत अधिक खर्चिक आहे आणि तिचा अर्थ लावण्यास विशेष प्रशिक्षण लागते.

प्रशिक्षणाचा क्रम

प्रशिक्षणापूर्वी वैद्यकीय तपासणी होऊन लक्षणांमागे दुसरा आजार नाही याची खात्री केली जाते. पहिल्या बैठकीत विश्रांत अवस्थेतील मूळ आकडे घेतात. नंतर मनातल्या मनात वजाबाकी करणे किंवा त्रासदायक प्रसंग आठवणे असा सौम्य ताण देऊन शरीर कसे प्रतिसाद देते आणि पुन्हा पूर्ववत होण्यास किती वेळ घेते, हे पाहतात. काहींचे स्नायू आवळतात, काहींचे हात गार पडतात, तर काहींचे हृदय धडधडते. ज्या व्यक्तीचा जो प्रतिसाद ठळक, त्यानुसार प्रकार निवडला जातो.

त्यानंतर साधारणपणे आठवड्याला एक किंवा दोन अशा आठ ते बारा बैठका होतात. प्रत्येक बैठक अर्धा ते पाऊण तास चालते. घरी रोज वीस मिनिटांच्या आसपास सराव करावा लागतो. हा घरचा सराव प्रशिक्षणाचा कणा मानला जातो; केवळ केंद्रात जाऊन पडद्यासमोर बसल्याने टिकाऊ परिणाम मिळण्याची शक्यता कमी असते.

मोजणीवर हवामानाचाही परिणाम होतो. मुंबईच्या दमट हवेत तळहात एरवीही ओलसर असतात आणि उन्हाळ्यात बोटे आपोआप उबदार राहतात. याउलट, थंड वातानुकूलित खोलीत शांत माणसाचीही बोटे गार पडतात. म्हणून खोलीचे तापमान स्थिर ठेवावे लागते. माहीम किंवा दादरहून लोकलच्या गर्दीतून आलेल्या व्यक्तीला दहा-पंधरा मिनिटे बसू दिल्याशिवाय घेतलेले मूळ आकडे फसवे ठरतात. चहा, कॉफी आणि तंबाखू यांचाही आकड्यांवर परिणाम होतो.

इतिहास

पाश्चात्त्य पार्श्वभूमी : एडमंड जेकबसन यांची क्रमशः स्नायुशिथिलीकरणाची पद्धत आणि जर्मन वैद्य योहान्नेस शुल्ट्झ यांचे स्वयंसूचना-प्रशिक्षण या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील दोन पद्धती बायोफीडबॅकच्या पूर्वसूरी मानल्या जातात. १९६०च्या दशकात जो कामिया यांनी असे दाखवले, की आपल्या मेंदूतील अल्फा लहरी केव्हा चालू आहेत हे ओळखण्यास माणूस शिकू शकतो. जॉन बस्माजियन यांनी १९६३ साली एकेका चेतापेशीशी निगडित स्नायुतंतूंच्या लहानशा गटावर ऐच्छिक नियंत्रण मिळवता येते, हे सिद्ध केले. १९६९ साली या क्षेत्रातील संशोधकांनी अमेरिकेत बायोफीडबॅक रिसर्च सोसायटी स्थापन केली आणि ‘बायोफीडबॅक’ हा शब्द रूढ झाला.

याच काळात नील मिलर यांनी क्युरारे या औषधाने स्नायू निश्चल केलेल्या उंदरांना हृदयगती बदलण्यास शिकवल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी मोठी खळबळ उडाली. मात्र पुढे हे परिणाम पुन्हा मिळेनात. खुद्द मिलर यांच्या प्रयोगशाळेतही ते मिळाले नाहीत आणि त्यांनी हे उघडपणे मान्य केले. माणसांवरील प्रशिक्षणाचे फायदे या उंदरांच्या प्रयोगांवर अवलंबून नसले, तरी या घटनेने क्षेत्राला सावधपणा शिकवला.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील मेनिंजर फाउंडेशनमध्ये एल्मर व ॲलिस ग्रीन हे दाम्पत्य तापमान-प्रशिक्षणावर काम करत होते. एका स्त्रीची अर्धशिशी थांबत असतानाच तिचे हात एकाएकी उबदार झाल्याचे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून अर्धशिशीसाठी हात उबदार करण्याचे प्रशिक्षण पुढे आले. १९७० साली त्यांनी भारतीय योगी स्वामी राम यांच्यावर प्रयोग केले. स्वामींनी एकाच तळहाताच्या दोन भागांच्या तापमानात फरक निर्माण करून दाखवला.

भारतातील प्रयोग : योगक्रियांची उपकरणांनी मोजणी करण्याची परंपरा महाराष्ट्रात याहून जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली यांसारख्या क्रियांची क्ष-किरण चित्रे तसेच आसनांतील रक्तदाबाच्या नोंदी यांवरील प्रयोग त्यातून प्रसिद्ध झाले. १९३०च्या दशकात मुंबईत मरीन ड्राइव्हवर संस्थेचे ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र सुरू झाले.

योगी हृदय थांबवू शकतात, हा दावा तपासण्यासाठी फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ तेरेझ ब्रॉस १९३५ साली भारतात आल्या होत्या. पुढे वेंगर, बागची आणि आनंद यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळा निष्कर्ष निघाला. श्वास रोखून छाती व पोटाचे स्नायू आवळल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, त्यामुळे नाडी हाताला लागत नाही. परंतु विद्युत्-आलेखात हृदयाचे ठोके चालूच असतात. हृदयावर थेट हुकूम चालत नाही, श्वास व स्नायू यांच्यामार्फत मात्र त्याच्यावर परिणाम घडवता येतो, हा धडा बायोफीडबॅकच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला.

मुंबईतील संशोधन

किंग एडवर्ड मेमोरियल अर्थात केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय परळ येथे, गिरणगावाच्या मध्यभागी आहे. १९२६ साली सुरू झालेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात परळ-लालबागपासून माहीमपर्यंतच्या वस्त्यांतील रुग्ण येत असत. रक्तदाबाची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. १९६०च्या दशकातील औषधांचे दुष्परिणाम बरेच होते आणि त्यांचा खर्च अनेक कुटुंबांना जड जाई. औषधांची मात्रा कमी करता येईल काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ शास्त्रीय नव्हता.

डॉ. दाते यांनी देशमुख, दळवी आणि कैवल्यधामशी संबंधित एस. एल. विनेकर यांच्यासह ४७ रुग्णांना शवासन शिकवले. हा अभ्यास १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रुग्ण उताणा निजून हातपाय सैल सोडत असे, डोळे मिटत असे आणि पोटाने संथ, लयबद्ध श्वास घेत असे. उच्छ्वासानंतर थोडे अधिक थांबायचे आणि नाकपुड्यांशी आत येणाऱ्या हवेचा गारवा व बाहेर पडणाऱ्या हवेची ऊब यांकडे लक्ष द्यायचे, अशी सूचना होती. रोज अर्धा तास हा सराव केला जाई आणि तो नीट साधण्यास बहुतेकांना सुमारे तीन आठवडे लागत.

औषध न घेणाऱ्या १० रुग्णांच्या गटात सरासरी मध्य रक्तदाब १३४ वरून १०७ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरला. औषधांनी रक्तदाब आधीच आटोक्यात असलेल्या २२ रुग्णांपैकी १३ जणांची औषधांची गरज मूळच्या सुमारे एक-तृतीयांशावर आली. औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात नसलेल्या तिसऱ्या गटात मात्र असा लाभ कमी जणांना झाला. अभ्यासात तुलनेसाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेला नियंत्रण गट नव्हता, ही त्याची मोठी मर्यादा आहे. तरीही औषधांची मात्रा रुग्णालयाच्या देखरेखीखाली आणि रक्तदाब मोजून कमी केली गेली, ही गोष्ट त्याचे महत्त्व वाढवते.

या अभ्यासात बायोफीडबॅकचे उपकरण नव्हते. परंतु नाकपुड्यांजवळील गारवा व ऊब यांवर लक्ष ठेवणे हेही शरीराकडूनच मिळणारे प्रत्याभरण आहे, असे म्हणता येते. पुढच्या दशकात उपकरणे उपलब्ध झाल्यावर डॉ. दाते बायोफीडबॅककडे वळले. ‘उच्च रक्तदाब व ताण यांतील बायोफीडबॅक प्रशिक्षणाची भूमिका’ या विषयावरील त्यांचा लेख १९८० साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये आला. हे नियतकालिक १९५५ पासून याच रुग्णालय-महाविद्यालयातून निघते.

क्रॉयडनमधील प्रयोग

शवासन आणि उपकरण यांचा संयोग लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉयडन येथे भारतीय वंशाच्या कुटुंबवैद्य डॉ. चंद्रा पटेल यांनी केला. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या २० रुग्णांना योगाधारित शिथिलीकरण शिकवले आणि त्वचेच्या विद्युत्-वाहकतेचा आवाज ऐकवून त्याला जोड दिली. अर्ध्या तासाच्या बैठका आठवड्यातून तीन वेळा, तीन महिने चालल्या. ‘द लॅन्सेट’मध्ये १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच जणांची औषधे पूर्ण थांबली, सात जणांची ३३ ते ६० टक्क्यांनी कमी झाली, चार जणांचा रक्तदाब अधिक चांगला आटोक्यात आला आणि चार जणांवर परिणाम झाला नाही.

या निष्कर्षांवर शंका घेण्यास जागा होती; केवळ डॉक्टरांचे लक्ष मिळाल्यानेही रक्तदाब उतरू शकतो. म्हणून पटेल व नॉर्थ यांनी ३४ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून दुसरी चाचणी घेतली. ती १९७५ साली प्रसिद्ध झाली. प्रशिक्षित गटाचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ वर आला, तर नुसती विश्रांती घेणाऱ्या गटाचा १६९/१०१ वरून १६०/९६ वर आला. नंतर दुसऱ्या गटालाही प्रशिक्षण दिल्यावर त्यांचाही रक्तदाब पहिल्या गटाइतका उतरला. पुढे पटेल आणि मायकेल मार्मॉट यांनी हृदयविकाराचा धोका असलेल्या १९२ व्यक्तींवर चाचणी घेतली. त्यात आठवड्याला एक तास अशा आठ बैठका होत्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या चार वर्षांच्या पाठपुराव्यात प्रशिक्षित गटाचा लाभ टिकून असल्याचे दिसले.

परिणामकारकतेचे पुरावे

मानसिक ताण व चिंता : गेसल, कर्टिस आणि हॉफमन यांनी २०१७ साली हृदयगतीतील चढउतारांच्या प्रशिक्षणावरील २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत एकूण ४८४ सहभागी होते. व्यक्तींनी स्वतः सांगितलेल्या ताणात व चिंतेत मोठी घट आढळली. मात्र बरेच अभ्यास लहान होते.

डोकेदुखी : अर्धशिशी आणि ताणजन्य डोकेदुखी यांसाठी तापमान व स्नायू-प्रशिक्षणाचे पुरावे तुलनेने भक्कम आहेत.

उच्च रक्तदाब : येथे चित्र संमिश्र आहे. ग्रीनहाल्घ, डिक्सन आणि डुंडर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ३६ चाचण्या तपासल्या; बायोफीडबॅकने रक्तदाब निश्चितपणे उतरतो असा सातत्यपूर्ण पुरावा त्यांना मिळाला नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१३ च्या निवेदनात बायोफीडबॅकचा ‘विचार करता येईल’ अशा दुय्यम वर्गात समावेश झाला. उपकरणाच्या साहाय्याने श्वास संथ करण्याच्या पद्धतीला त्याहून वरचे स्थान मिळाले, तर योगासनांची रक्तदाबासाठी शिफारस करण्याइतका पुरावा तेव्हा नसल्याचे म्हटले गेले. परळ आणि क्रॉयडन येथील आरंभीच्या आशादायक आकड्यांकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते.

मर्यादा आणि टीका

पहिला आक्षेप असा, की परिणाम उपकरणाचा, संथ श्वासाचा की प्रशिक्षकाच्या आपुलकीचा हे वेगळे काढणे कठीण आहे. कित्येक तुलनात्मक अभ्यासांत साधे शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक यांचे परिणाम जवळजवळ सारखे आले आहेत. समर्थकांचे उत्तर असे, की उपकरण शिकणे सोपे करते, प्रगती दाखवते आणि ‘मला ध्यान जमत नाही’ म्हणणाऱ्यालाही आधार देते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. प्रशिक्षित मार्गदर्शक आणि उपकरणे मोजक्याच ठिकाणी असतात. मनगटी घड्याळे व मोबाइलवरील ॲप यांमुळे मोजणी स्वस्त झाली आहे. परंतु त्यांची अचूकता सारखी नसते आणि सतत आकडे पाहत राहण्याने काहींची चिंता वाढते.

तिसरा आक्षेप सामाजिक आहे. ताणाचे कारण पुष्कळदा शरीराबाहेर असते. १९८२ साली सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधील हजारो कुटुंबांचा रोजगार गेला. माहीम, दादर आणि गिरगावातील जुन्या चाळींत राहणाऱ्यांना पुनर्विकासाची अनिश्चितता, जागेची टंचाई, गोंगाट आणि रोजचा प्रवास यांना तोंड द्यावे लागते. श्वासाच्या सरावाने घर वा नोकरी मिळत नाही. प्रशिक्षण शरीराची झीज कमी करू शकते, परंतु ताणाची जबाबदारी ताणग्रस्तावरच ढकलण्याचे ते निमित्त होऊ नये, असा हा आक्षेप आहे.

उपकरणाशिवाय सराव

सर्व पद्धतींचा समान गाभा संथ श्वास हाच असल्याने उपकरणाविना सराव शक्य आहे. चार सेकंद श्वास आत आणि सहा सेकंद बाहेर, या प्रमाणाने मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास खोल खेचायचा नसतो. तो सहज, पोटाने आणि नाकाने घ्यायचा असतो. भोवळ आल्यास किंवा बोटांना मुंग्या आल्यास श्वास प्रमाणाबाहेर घेतला जात आहे असे समजून थांबावे. सरावाआधी व नंतर बोटे गालाला लावून त्यांची ऊब पाहणे, हे घरगुती प्रत्याभरण होय.

इटालियन वैद्य लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली २३ प्रौढांवर केलेल्या अभ्यासात लॅटिन भाषेतील रोझरीची प्रार्थना आणि एक योगमंत्र यांच्या पठणाने श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो, असे आढळले. माहीममध्ये सेंट मायकेल चर्च, मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आणि शीतलादेवीचे मंदिर जवळजवळ आहेत. रोझरी, तसबी आणि जपमाळ या तिन्ही परंपरा तेथील रहिवाशांच्या परिचयाच्या आहेत. अभ्यासाचा निष्कर्ष मात्र त्यात तपासलेल्या दोन पठणांपुरताच आहे. परिणाम शब्दांच्या लयीमुळे श्वास संथ होण्याचा आहे. वेगाने म्हटलेल्या जपाला तो लागू होत नाही.

दक्षता

रक्तदाबाची औषधे स्वतःहून कमी किंवा बंद करू नयेत. आकडे सुधारल्याचे दिसले, तरी मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. उच्च रक्तदाबाची पुष्कळदा कोणतीही लक्षणे नसतात. त्यामुळे ‘बरे वाटते’ हा औषध सोडण्याचा आधार होऊ शकत नाही. मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्यांनी प्रशिक्षण सुरू करत असल्याचे डॉक्टरांना कळवावे, कारण औषधांची गरज बदलू शकते.

हृदयाचे ठोके अनियमित असल्यास, पेसमेकर बसवलेला असल्यास किंवा बीटा-ब्लॉकर औषधे चालू असल्यास हृदयगतीचे आकडे दिशाभूल करू शकतात. काही व्यक्तींना शिथिल होताना उलट अस्वस्थता वाटते किंवा जुने आघात आठवतात; अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच प्रशिक्षण घ्यावे. छातीत दुखणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी किंवा हातापायांतील बळ जाणे ही तातडीच्या उपचारांची लक्षणे आहेत, ताण-व्यवस्थापनाची नव्हेत. मानसिक त्रासासाठी भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हे सुद्धा पहा

शवासन
प्राणायाम
उच्च रक्तदाब
स्वायत्त चेतासंस्था
स्वामी कुवलयानंद
किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय